ब्लॉक टेस्टर: जुन्या २.५ सुबारूचं हेड गॅस्केट घरीच तपासायचं असेल तर घ्याच

जुनी सुबारू आहे, टेंपरेचरचा काटा वर जातोय नाहीतर कूलंट सारखं कमी होतंय, आणि गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून पाच मिनिटांत "हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधली सील) गेलं" म्हणून दोन-तीन हजार डॉलरचा आकडा लिहून हातात दिलाय, अशी वेळ आली असेल तर हो म्हणायच्या आधी तीस-चाळीस डॉलरचं हे किट मागवा. इथे कोलोराडोत दर तिसऱ्या गल्लीत जुनी आउटबॅक किंवा फॉरेस्टर उभी असते आणि २.५ लिटर इंजिनचं नाव निघालं की हेड गॅस्केटचं नाव निघतंच, त्यामुळे कुठलाही प्रॉब्लेम असो, खापर आधी त्याच्यावरच फुटतं. खरंच गेलं असेल तर खर्च करावाच लागतो, पण गेलंय की नाही हे आधी कळायला नको का?

किटमध्ये काय येतं तर एक पारदर्शक प्लास्टिकची नळी, खाली रेडिएटरच्या तोंडावर दाबून धरायचा शंकूसारखा रबरी कोन, वर दाबायचा रबरी फुगा आणि निळ्या लिक्विडची छोटी बाटली. ते लिक्विड म्हणजे ब्रोमोथायमॉल ब्लू. इंजिनमधला जळालेला गॅस फाटक्या गॅस्केटमधून कूलंटमध्ये शिरत असेल तर त्यातला कार्बन डायऑक्साइड रेडिएटरच्या तोंडाशी येतो, फुगा दाबला की तो या लिक्विडमधून खेचला जातो आणि निळ्याचं आधी हिरवट आणि मग पिवळं होतं. तत्त्व इतकं साधं आहे.

आता करायचं कसं. गाडी पूर्ण गार असतानाच कॅप उघडा, गरम रेडिएटरची कॅप चुकूनही उघडू नका, उकळतं कूलंट तोंडावर येतं. तोंडापासून दोन इंच तरी लेव्हल खाली आणा, थोडं कूलंट बाहेर काढून ठेवा (कुत्र्या-मांजरांपासून लांब ठेवा, गोड लागतं आणि विषारी असतं), मग गाडी चालू करून गरम होऊ द्या आणि कोन घट्ट दाबून एक-दोन मिनिटं फुगा दाबत राहा. कूलंट गरम झालं की फुगतं आणि वर येतं, नळीत शिरलं की टेस्ट वाया गेली, लिक्विड फेकून नवीन भरावं लागतं. म्हणून दोन कप्प्यांची नळी असलेलं किट घ्या, एका कप्प्याचं चार-पाच डॉलर स्वस्त मिळतं पण त्यात लिक्विड पटकन खराब होतं. टर्बोवाली गाडी असेल तर भरायचं तोंड रेडिएटरवर नाही, इंजिनवरच्या छोट्या टाकीवर असतं, टेस्ट तिथे घ्यायची. आणि टेस्ट सुरू करायच्या आधी कोन चालू गाडीच्या सायलेन्सरच्या तोंडाशी धरून दोनदा फुगा दाबा, लिक्विड पिवळं झालं तर ते जिवंत आहे, नाही झालं तर बाटली जुनी आहे.

मी हे दोन गाड्यांवर वापरलं आणि दोन्हीकडे उत्तर वेगळं आलं, म्हणून एवढं लिहितोय.

पहिली मित्राची १९९८ ची लेगसी आउटबॅक, डबल कॅमवालं (प्रत्येक हेडमध्ये व्हॉल्व्ह उघडणारे दोन कॅमशाफ्ट) जुनं २.५. गावात फिरली की काटा मध्यावर, आय-७० वरून आयझेनहॉवर टनेलकडे चढायला लागली, जिथे रस्ता ११,००० फुटांच्या वर जातो, की काटा वर. एका गॅरेजने थर्मोस्टॅट बदलला, मग वॉटर पंप बदलला, पैसे घेतले आणि प्रॉब्लेम तिथेच. आम्ही ड्राइव्हवेमध्ये टेस्टर लावला तर आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता) लिक्विड निळंच, पण ओव्हरफ्लोच्या बाटलीत बुडबुडे येत होते त्यामुळे शंका जाईना. मग मित्राने आत बसून रेस अडीच-तीन हजारावर धरून ठेवली, मी फुगा दाबत राहिलो, आणि हळूहळू कडेने हिरवं, मग पिवळं, अगदी लिंबाच्या सालीसारखं. या डबल कॅम इंजिनांचा स्वभावच असा की गॅस्केट आतून फुटतं आणि सुरुवातीला फक्त लोडवर, म्हणजे इंजिनवर जोर पडला की, गॅस सोडतं. तेव्हा आयडलला निळं आलं म्हणून गाडीला लगेच क्लीन चिट देऊ नका, रेस धरून परत बघा.

दुसरी माझी २००४ ची फॉरेस्टर, सिंगल कॅम २.५. कूलंट कमी व्हायचं, गाडी थांबवली की गोडसर वास यायचा, आणि इंजिनच्या पुढच्या बाजूला ओल दिसली म्हणून गॅरेजने सरळ हेड गॅस्केटचं कोटेशन दिलं. टेस्टर कितीही वेळ लावला, रेस धरून लावला, निळा तो निळाच. पण इथेच या किटची मर्यादा आहे आणि ती विकत घेताना नीट समजून घ्या: सिंगल कॅम इंजिनांचं गॅस्केट बहुतेक वेळा बाहेरच्या बाजूने गळतं, ऑइल नाहीतर कूलंट हेडच्या खालच्या कडेने झिरपतं, गॅस कूलंटमध्ये जातच नाही, मग लिक्विडचा रंग बदलणार कसा? सुबारूचं हे बॉक्सर इंजिन आडवं असतं त्यामुळे ती कड खाली येते, गाडी जॅक करून, स्टँड लावून, टॉर्च घेऊन खाली आडवं पडल्याशिवाय दिसत नाही. मी बघितलं, हेड आणि ब्लॉकमधला जोड कोरडा ठणठणीत.

मग ऑटोझोनमधून कूलिंग सिस्टिमचा प्रेशर टेस्टर आणला, डिपॉझिट ठेवायचं, वापरून परत केलं की पैसे पूर्ण परत. १५ पीएसआयपर्यंत पंप मारला आणि थांबलो. रेडिएटरची वरची काळी प्लास्टिकची टाकी आणि ॲल्युमिनियमची जाळी जिथे दाबून जोडलेली असते त्या कडेला केसाएवढी चीर, त्यातून थेंब थेंब येत होता, आणि गाडी चालली की पंख्याची हवा तेच कूलंट इंजिनवर उडवत होती. जीव भांड्यात पडला. नवीन रेडिएटर शंभर-सव्वाशे डॉलर, वरचे दोन ब्रॅकेट, दोन होज, पंख्यांचे कनेक्टर, ऑटोमॅटिक असल्यामुळे गिअरबॉक्स ऑइलचे दोन पाइप, शनिवारी दुपारी घरीच बदलून झाला. थर्मोस्टॅट मात्र कंपनीचाच घ्या, बाहेरचे स्वस्त आकाराने लहान असतात आणि या इंजिनला पुरत नाहीत.

किटबद्दल तक्रार एकच, रबरी कोन कडक आहे, सुबारूच्या रेडिएटरच्या तोंडावर तिरका बसला तर बाहेरची हवा आत घेतो आणि रंग बदलत नाही, त्यामुळे कडेला पाण्याचं बोट फिरवून दाबून धरावा लागतो. लिक्विडची बाटली मात्र लहान असली तरी बरीच पुरते.

टेस्ट पिवळी आली आणि काम करायचंच ठरलं तर मल्टिलेयर स्टीलचं गॅस्केट बसवायला सांगा, कंपनी टर्बो इंजिनात तसलंच वापरायची. आणि टायमिंग बेल्टही त्याच वेळी बदलून घ्या, त्याची मुदत १,०५,००० मैल आहे, आणि बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात, म्हणजे खर्च डबल.

टेस्ट झाल्यावर काढलेलं कूलंट परत भरताना घाई करू नका, या इंजिनात हवा फार अडकते. गाडीचं नाक चढावर ठेवा, हीटर फुल गरमवर, रेडिएटरवर पॅसेंजरच्या बाजूला प्लास्टिकचा ब्लीड स्क्रू आहे तो हळूच सैल करा (जोर लावला तर त्याची खाच जाते), आणि तिथून हवा जाऊन कूलंट दिसेपर्यंत थोडं थोडं ओतत राहा. स्क्रू बंद करून, कॅप लावून एक चक्कर मारा, गाडी पूर्ण गार झाल्यावर लेव्हल परत बघा. चालताना हीटरमधून गार हवा आली तर आत अजून हवा आहे, मग परत नाक वर करून पहिल्यापासून.