लावलं की बसतं, सोडलं की पेटतं : ‘सन ॲलर्जी क्रीम’ची फसवणूक

तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ पट्ट्यात फेब्रुवारीपासून द्राक्षांची काढणी, मागोमाग बेदाणा शेड आणि एप्रिलमध्ये खरड छाटणी. छाटणीनंतर मांडवावर पान उरत नाही, त्यामुळे सावलीही उरत नाही. याच दिवसांत हातावर, मानेवर, गालावर बारीक खाजरं पुरळ उठतं आणि याच दिवसांत ‘सन ॲलर्जी क्रीम’ म्हणून बिनलेबलची पांढरी डबी जोरात खपते. कुठे ओळखीच्या पार्लरमधून, कुठे आठवडी बाजारातल्या टेबलावरून, कुठे व्हॉट्सॲपच्या स्टेटसवरून. २० ग्रॅमची डबी, ४००-५०० रुपये आणि ‘आयुर्वेदिक आहे, काही होत नाही’ ही तोंडी हमी.

फसवणूक पहिल्या आठवड्यात कळतच नाही, कारण पहिल्या आठवड्यात डबी खरोखर गुण देते. तीन-चार दिवसांत खाज थांबते, दहा दिवसांत चेहरा उजळ दिसतो. बाईला वाटतं औषध लागू पडलं, आणि ती जावेला, शेजारणीला सांगते. हा गुण बहुतेक वेळा स्टेरॉइडचा असतो : मोमेटासोन, बीटामेथासोन किंवा सगळ्यात जहाल क्लोबेटासोल. स्टेरॉइडने त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, लाली जाते, कातडी फिकी दिसते. जोडीला हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन घातलं की रंगही उतरतो.

हीच तिन्ही औषधं एकत्र करून डॉक्टर वांगासाठी देतात, हे मुद्दाम सांगायला हवं. मोमेटासोन ०.१ टक्के, हायड्रोक्विनोन २ टक्के, ट्रेटिनॉइन ०.०२५ टक्के, फक्त रात्री, मोजके आठवडे आणि देखरेखीखाली. औषध वाईट नाही. डबीत कोणतं, किती, किती दिवस लावायचं हे लपवून विकणं ही फसवणूक आहे.

दीड-दोन महिन्यांनी खरा त्रास सुरू होतो. कातडी पातळ झालेली असते. ऊन सोडाच, चुलीजवळ बसलं तरी चेहरा भाजल्यासारखा होतो. गालावर लाल रेघांचं जाळं, एकसारखे बारीक फोड, हनुवटीवर लव. विकणारीला विचारलं की उत्तर ठरलेलं : ‘अंगातली उष्णता बाहेर पडतेय, लावत राहा.’ घाबरून डबी बंद केली तर तीन-चार दिवसांत चेहरा सुजतो, पेटतो. परत लावली की बसतं. मग माणसाची खात्री पटते की आपल्याला उन्हाची ॲलर्जीच आहे आणि या डबीशिवाय इलाज नाही. ज्या त्रासासाठी डबी घेतली, तोच त्रास डबी तयार करते. लावलं की बसतं आणि सोडलं की पेटतं, एवढ्या एका खुणेवरून डबीत स्टेरॉइड असल्याचा दाट संशय घ्यावा.

या टप्प्यावर दुसरी वस्तू गळ्यात मारली जाते : ‘एसपीएफ १००’चं सनस्क्रीन, ३० ग्रॅम, ‘दोन महिने पुरेल’. इथे नुसता हिशोब करून पाहा. एसपीएफ, म्हणजे ऊन अडवण्याची ताकद, मोजताना दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम थर देतात. चेहरा आणि मानेला म्हणजे साधारण सव्वा ग्रॅम. तर्जनी आणि मधलं बोट यांच्या पूर्ण लांबीवर दोन रेघा काढल्या की जवळपास तेवढं होतं. दिवसातून दोनदा लावलं तर अडीच ग्रॅम, म्हणजे ३० ग्रॅमची ट्यूब १२ दिवसांत संपते. ती दोन महिने पुरवायची तर थर पाचव्या हिश्शाचा होतो आणि छापलेला आकडा कागदावरच राहतो. शिवाय एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के यूव्हीबी (कातडी भाजणारे किरण) अडवतं, ५० सुमारे ९८ टक्के. त्यापुढच्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत. यूव्हीएसाठी (कातडीत खोल जाणाऱ्या किरणांसाठी) पीए+++ किंवा पीए++++ ही खूण पाहावी; यूव्हीए गाडीच्या बाजूच्या काचेतूनही बऱ्यापैकी आत येतं. वांग असेल तर किंचित रंग असलेलं, आयर्न ऑक्साइडचं सनस्क्रीन घ्यावं, कारण साध्या दिसणाऱ्या उजेडानेही वांग गडद होतो. घाम गाळणाऱ्या माणसाने दर दोन तासांनी परत लावायचं असतं. ते बागेत जमत नसेल तर घट्ट विणीचा पूर्ण बाह्यांचा सदरा आणि रुंद काठाची टोपी यांच्यावर जास्त भिस्त ठेवावी.

डबीच्या वाटेला जाण्याआधी पुरळ नेमकं कशाचं हे पाहिलं, तर निम्मी फसवणूक टळते. पापण्या, कानामागची जागा आणि हनुवटीखालचा भाग नीट बघा. उन्हाच्या पुरळात या सावलीतल्या जागा बहुधा सुटतात. गळ्याचा उघडा त्रिकोण, हाताची बाहेरची बाजू, मानेचा मागचा भाग इथे ते उठतं, उन्हात गेल्यावर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी. पापण्या आणि कानामागेही खाज, जाड काळसर कातडी असेल तर संशय गाजर गवताचा. त्याचे सूक्ष्म कण हवेतून येऊन बसतात आणि दिसताना हुबेहूब उन्हाची ॲलर्जी दिसते. बांधावरचं गाजर गवत तसंच ठेवून कितीही सनस्क्रीन लावलं तरी फरक पडत नाही. फवारणीनंतर किंवा बेदाण्याच्या डिपिंगनंतर (द्राक्षं द्रावणात बुडवल्यावर) फक्त हातांवरच उठत असेल तर तो रसायनाचा दाह. त्याला हातमोजे हवेत, क्रीम नाही.

गोळ्यांचीही उजळणी करावी. डॉक्सिसायक्लिन, रक्तदाबातली हायड्रोक्लोरोथायझाइड, नायट्यासाठीची ग्रिसिओफुल्विन, सांध्यांवर चोळायचं केटोप्रोफेनचं जेल, यांनी ऊन बाधू शकतं. कोडावर बावचीचं तेल लावून उन्हात बसलं तर फोड येईपर्यंत भाजतं, कारण बावचीतलं सोरालेन उन्हानेच चेततं. आणि नाकासह दोन्ही गालांवर लाली, जोडीला सांधेदुखी, तोंडात फोड, केस गळणं असेल तर ल्युपसची (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याच्या आजाराची) तपासणी लांबवू नये.

कधी सनस्क्रीनच बाधतं. ऑक्सिबेन्झोन, ऑक्टोक्रिलीन आणि सुगंध यांवर संशय आधी घ्यावा. नवी ट्यूब थेट चेहऱ्यावर लावू नका : कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर दिवसातून दोनदा, सात दिवस. काही उठलं नाही, पण उन्हात गेल्यावरच उठतं, तर ती उजेडाने चेतणारी ॲलर्जी. तिला दवाखान्यातली फोटोपॅच चाचणी (पदार्थ कातडीवर लावून त्यावर किरण सोडून पाहणं) लागते. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचं बिनवासाचं सनस्क्रीन सहसा बाधत नाही. थोडं पांढरट दिसतं, ते चालवून घ्यावं.

डबी लावून झाली असेल तर काय? कित्येक महिने वापर झाला असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकदम बंद करू नका. काहींना कमी ताकदीच्या औषधावर आणून हळूहळू सोडवावं लागतं. जाताना डबी बरोबर न्या. लपवू नका, त्यात तुमची चूक नाही. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात त्वचारोगाच्या बाह्यरुग्ण विभागात दाखवता येतं. तोवर साबण, फेसवॉश, लिंबू, बेसन बंद. साधं पाणी, गार पाण्याच्या घड्या, साधी पेट्रोलियम जेली आणि उन्हापासून कापडाचा आडोसा. पेटणं काही आठवडे, कधी काही महिने टिकतं. याच काळात लोक परत डबीकडे वळतात, म्हणून घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

पावलं सुजली, लघवीला फेस येऊ लागला तर लघवीतलं प्रथिन लगेच तपासा. काही गोरेपणाच्या क्रीममध्ये पारा असतो आणि तो मूत्रपिंड बिघडवतो. २०२३ मध्ये केरळच्या मलप्पुरममध्ये असे रुग्ण उघड झाले. भारतात सौंदर्यप्रसाधनात नकळत आलेला पारासुद्धा दहा लाखांत एक भाग एवढ्यापुरताच चालतो. तो घरी ओळखता येत नाही, प्रयोगशाळाच लागते.

विकत घेताना वेष्टनावर उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, वापरायची मुदत आणि घटकांची यादी हवी. परदेशी माल असेल तर आयात नोंदणी क्रमांकही हवा. यातलं एक जरी कमी असेल तर घेऊ नका, ओळखीची बाई असली तरी. घटकांत नावाच्या शेवटी ‘सोन’ किंवा ‘सोल’ दिसलं तर औषध दुकानदाराला विचारा. कातडीवर लावायची बरीच स्टेरॉइड २०१८ पासून अनुसूची ‘एच’मध्ये आहेत, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकताच येत नाहीत.

तक्रार जरूर करा. उरलेलं क्रीम तसंच ठेवा, डबी धुऊ नका. पैसे पाठवल्याची पावती, व्हॉट्सॲपचं संभाषण आणि चेहऱ्याचे तारखेसह फोटो जपा. सांगली आणि साताऱ्यातल्या अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. भरपाईसाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५, नंतर जिल्हा ग्राहक आयोग. दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर अर्जाला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. ४०० रुपयांसाठी कोण जातं, असं म्हणून बहुतेक लोक गप्प बसतात आणि ती डबी पुढच्या हंगामात दुसऱ्या घरी पोचते.