स्मृतिचित्रे की आहे मनोहर तरी: आधी कोणतं?

लेखकाच्या घरात राहून त्याला जवळून पाहिलेल्या बाईनं लिहिलेलं पुस्तक वाचायचं असेल, तर मराठीत निवड शेवटी लक्ष्मीबाई टिळकांचं स्मृतिचित्रे आणि सुनीता देशपांडे यांचं आहे मनोहर तरी, या दोनांवरच येऊन थांबते. दोन्ही वाचावीत हे खरंच. पण एका वेळी एकच विकत घेणार असाल किंवा कुणाला भेट देणार असाल, तर कोणतं घ्यायचं ते ठरवावं लागतं. त्यांचे नवरे, म्हणजे कवी रेव्हरंड ना. वा. टिळक आणि पु. ल. देशपांडे, ठाऊक आहेत असं धरून लिहितो आहे.

आधी एक फरक, जो सहसा कुणी सांगत नाही. टिळक १९१९ मध्ये गेले आणि स्मृतिचित्रे भागाभागानं छापून यायला लागली ती १९३४ पासून. मधे पंधरा वर्षं गेली होती. राग, भांडणं, विरह हे सगळं लक्ष्मीबाईंच्या मनात निवून गेलं होतं, आणि ज्याच्याबद्दल लिहायचं तो माणूस उत्तर द्यायला नव्हता. आहे मनोहर तरी आलं १९९० मध्ये. तेव्हा पु. ल. हयात होते आणि अख्ख्या महाराष्ट्राचे लाडके होते. त्यामुळे सुनीताबाईंचं प्रत्येक वाक्य तोलून आलेलं आहे. प्रसंग सांगितला की त्याचा अर्थही त्या तिथेच सांगतात, आपली बाजू मांडतात, आणि मग स्वतःलाही तितक्याच कठोरपणे तपासतात. हा प्रामाणिकपणा मोठा आहे. मात्र त्यामुळे वाचणारा नकळत पंचाच्या खुर्चीत जाऊन बसतो. पुस्तक मिटल्यावर लोक भांडतात ते कोण बरोबर होतं यावरून. लेखकाचं घर कसं चालतं, हा विषय बाजूलाच राहतो.

तरीही माझी निवड ठरली ती यावरून नाही. ती ठरली काळाच्या क्रमावरून. ऐकायला ही बाब किरकोळ वाटेल, पण लेखकाचं आयुष्य वाचताना तीच सगळ्यात जास्त नडते.

सुनीताबाई आठवण येईल तशी लिहितात. रत्नागिरीतल्या बालपणावरून संसाराच्या मधल्या वर्षांत, तिथून एखाद्या कवितेवर, कवितेवरून कुणा मित्रावर आणि परत मागे. वाचताना हे छान वाहतं. पण "हे घडलं तेव्हा पु. ल. काय लिहीत होते?" असा प्रश्न पडला की हाताशी काही लागत नाही. एखादा उतारा पुन्हा शोधायचा तर चाळत बसावं लागतं, कारण तो आधीच्या कशाच्या पुढे आला होता हेही लक्षात राहत नाही. यावर उपाय आहे. शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं एवढं लिहून ठेवा: लग्न १२ जून १९४६, गुळाचा गणपती १९५३, तुझे आहे तुजपाशी १९५७, व्यक्ती आणि वल्ली १९६२, ती फुलराणी १९७५, निवडणुकीतला प्रचार १९७७. मग प्रत्येक आठवण यातल्या कुठल्या दोन वर्षांच्या मधे बसते ते समासात टिपत जा. पहिली चाळीस-पन्नास पानं याचा कंटाळा येतो. पुढे मात्र नाटकं, एकपात्री प्रयोग आणि घर एकमेकांशी जुळायला लागतात. हे न करता वाचलं तर पु. लं.चा एकच, कायम त्याच वयाचा माणूस होतो. पुस्तकावरच्या बऱ्याच तक्रारी इथूनच उगवतात असं मला वाटतं. वीस वर्षांच्या अंतरानं घडलेले दोन प्रसंग शेजारीशेजारी आले की तो स्वभाव वाटायला लागतो.

लक्ष्मीबाई सनावळी देतातच असं नाही, पण क्रम मोडत नाहीत. १८८० चं लग्न, १८९५ चं टिळकांचं धर्मांतर, १९०० चा लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा, १९०७ चं जळगावचं कविसंमेलन, १९१७ चा देवाचा दरबार (टिळकांनी काढलेलं ख्रिस्तभक्तांचं मंडळ), १९१९ चा टिळकांचा मृत्यू. एवढ्या सहा खुंट्या पुरतात.

क्रमामुळे काय साधतं ते सोवळ्याच्या धाग्यावरून पाहा. सुरुवातीच्या पानांत त्यांच्या वडिलांचं सोवळ्याचं वेड आहे. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही, आणि त्या धुण्यापायी घरातल्या बायकांचे हाल. त्यांतून आलेली ही मुलगी. नवरा ख्रिस्ती होतो, ती वेगळी होते, पंढरपुरात नातेवाइकांच्या आधारानं दिवस काढते. पुढे नवऱ्याकडे परत येते, तरी सोवळं सुटत नाही. आणि मग एका रात्री विचार करता करता तिला पटतं की जाती देवानं केलेल्या नाहीत, माणसानं केल्या. तिथे "माझ्यात बदल झाला" असं व्याख्यान नाही. मागची पानं क्रमानं वाचलेली असतात म्हणून त्या रात्रीचं वजन आपल्याला कळतं. हाच मजकूर आठवण येईल तसा विखरून आला असता तर त्याचं नुसतं मत झालं असतं.

टिळकही असेच कळत जातात. हातात पैसा न टिकणारा, मनात आलं की उठून चालू लागणारा, आणि तितकाच अफाट मायाळू माणूस. लक्ष्मीबाई त्यांच्यावर चिडतात, हसतात, आणि निकाल न देता पुढच्या प्रसंगाकडे वळतात. शिवाय कवितेच्या वाचकासाठी इथे एक ठेवा आहे. बालकवी, म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोंबरे, या घरात, नगरला, राहिले. निसर्गकवी म्हणून पाठ्यपुस्तकात भेटलेले ठोंबरे इथे रुसणारे, सांभाळून घ्यावे लागणारे घरचे पोर म्हणून दिसतात. हा भाग सावकाश वाचावा.

दुसऱ्या बाजूनंही सांगायला हवं. लिहिणं हा व्यवसाय म्हणून घरातून कसा सांभाळला जातो, हे आहे मनोहर तरी इतकं जवळून दुसरीकडे वाचायला मिळणं कठीण. प्रयोगांची शिस्त, मुद्रितं, हिशेब, देणग्यांचे निर्णय, कवितावाचनाची तयारी, आणि या सगळ्यात स्वतःचं लिहिणं मागे पडलेली बाई. जो स्वतः लिहितो किंवा नाटक करतो, त्यानं कदाचित इथूनच सुरुवात करावी. त्याला क्रमाची अडचणही कमी वाटेल.

स्मृतिचित्रे अडतात त्या दोन जागा सांगतो. पहिली म्हणजे आरंभीची माणसांची गर्दी. माहेर-सासरची नावं भराभर येतात आणि बरेच वाचक तिथेच पुस्तक ठेवतात. एका चिठ्ठीवर माहेर आणि सासर असे दोन रकाने करून नावं लिहून घ्या. संसार सुरू झाला की चिठ्ठी लागत नाही. दुसरी अडचण खरेदीतली. संक्षिप्त आवृत्तीही मिळते आणि घाईत तीच हातात येते. मुखपृष्ठावर भरवसा न ठेवता आतलं शीर्षकपान उघडून "संक्षिप्त" हा शब्द आहे का ते पाहा, आणि अनुक्रमणिकेत चारही भाग आहेत का ते मोजा. संक्षेपात मोठे प्रसंग शाबूत राहतात, पण जातात ती दोन प्रसंगांमधली घरगुती बोलणी, आणि पुस्तकाचा जीव तिथेच आहे. अशोक देवदत्त टिळकांनी संपादित केलेली अभिनव आवृत्ती मिळाली तर तीच घ्या. टिपांची जोड असली की माणसं आणि वर्षं लावत बसावं लागत नाही.

परदेशात वाढलेल्या, मराठी वाचू न शकणाऱ्या मुलांसाठी घेत असाल तर माझं पारडं तितकंसं झुकत नाही. आहे मनोहर तरीचं इंग्रजी गौरी देशपांडे यांनी केलं आहे, स्मृतिचित्रेचं शांता गोखले यांनी, २०१७ मध्ये. दोघीही उत्तम लेखिका. पण सुनीताबाईंचं गद्य विचारानं पुढे जाणारं असल्यानं भाषांतरात कमी सांडतं. लक्ष्मीबाईंची गंमत बोलण्याच्या ढंगात असते, आणि तो ढंग दुसऱ्या भाषेत पूर्ण उतरणं कुणालाही अवघडच. मराठीतून वाचणाऱ्याला मात्र मी स्मृतिचित्रेच हातात देईन.

चौथ्या भागाशी पोचलात की जरा थांबा. लक्ष्मीबाई १९३६ मध्ये गेल्या आणि तो भाग पुरा केला तो मुलानं, देवदत्तांनी. आवाज बदलल्याचं जाणवतं. तिसरा भाग संपवून दोनेक दिवसांनी तो उघडला, तर तो आईबद्दल मुलानं लिहिलेलं म्हणून वाचता येतो, आणि तसा तो चांगला आहे.