हजारपटीचा मायक्रोस्कोप आणि पोस्टाची तिकिटं

हजारपट वगैरे काही नाही, हे आधीच सांगून टाकतो. खोक्यावर ठळक 1000एक्स छापलंय, पण स्टीलच्या पट्टीचा एक मिलिमीटर पडद्यावर धरून पाहिलात तर त्या आकड्यातली हवा लगेच निघते. तशी तिकिटाला पन्नास-साठपटीच्या पुढे गरजही नसते. त्यापुढे कागदाचे धागे दिसायला लागतात आणि छपाई हरवते. तरीही 1,450 रुपयांचा हा मोबाइलला जोडायचा मायक्रोस्कोप मी परत पाठवला नाही.

मी साताऱ्यात ऑफसेट छपाईच्या यंत्रावर मशीनमन आहे, त्याआधी ट्रेडल (शिशाच्या खिळ्यांनी, म्हणजे टाइपांनी छापायचं जुनं यंत्र) चालवायचो. छपाईचे ठिपके बघायचं घडीचं भिंग कायम खिशात असतं, आणि दहापटीच्या त्या भिंगावर माझं निम्मं काम भागतं. तिकिटं जमवतो ती स्वतंत्र भारताची, तीही सुरुवातीची: 1947 पासून नये पैसे येईपर्यंतची आणि थोडी पुढची. चित्रं सगळ्यांनाच आवडतात, मला ती छापली कशी यात जास्त रस.

यंत्र कामाला आलं ते गांधींच्या दहा रुपयांच्या तिकिटावर. 15 ऑगस्ट 1948 चा हा चार तिकिटांचा संच स्वित्झर्लंडच्या कूर्व्हॉझिए छापखान्यात फोटोग्रॅव्हुअरने, म्हणजे बारीक खड्ड्यांत शाई भरून छापायच्या पद्धतीने, छापला होता. त्यातलं दहा रुपयांचं सगळ्यात महाग, म्हणून नकलाही त्याच्याच जास्त. आमच्या ओळखीचे एक निवृत्त मास्तर पाकिटात घालून तेच घेऊन आले. "बघ रे बाबा, नीट वाटतंय का. स्वस्तात मिळालंय." स्वस्तात म्हटल्यावरच माझ्या मनात पाल चुकचुकली. लेन्सखाली धरलं तर गांधीजींच्या गालावर निळे, पिवळे, गुलाबी ठिपके फेर धरून बसलेले. अस्सल तिकिटात रंग दोनच, जांभळट तपकिरी आणि लाखेसारखा लाल. त्यात निळा-पिवळा ठिपका येईलच कुठून? शिवाय ग्रॅव्हुअरची जाळी सगळीकडे सारख्या अंतराची असते, शाई कमी-जास्त दाट होते आणि अक्षरांच्या कडा करवतीसारख्या खरबरीत दिसतात. ऑफसेटमध्ये ठिपकेच लहान-मोठे होतात. "सर, हे आमच्याच धंद्यातल्या कुणीतरी काढलंय," म्हटलं. मास्तर हसले, पण चहा अर्धाच प्यायले. दाते मोजायचीही वेळ आली नाही. खऱ्या संचाचं परफोरेशन, म्हणजे कडेच्या दात्यांचं माप, साडेअकरा: दोन सेंटिमीटरमध्ये साडेअकरा दाते.

दात्यांवरून आठवलं. खोक्यात चौकटी छापलेली एक प्लॅस्टिकची पाटी येते आणि जाहिरातीत ती मापाला चालते असं म्हटलंय. पट्टी लावून बघितली, दोन सेंटिमीटरला केसभर कमीच भरली. दाते मोजताना तेवढा फरक नडतो, तेव्हा तिकिटवाल्यांचा साधा छापील गेज (दाते मोजायची पट्टी) घ्या आणि ही पाटी विसरा.

वॉटरमार्कसाठी, म्हणजे कागदातच उमटवलेली खूण बघायला, घेणार असाल तर पैसे वाचवा. 1 एप्रिल 1957 ला नये पैसे आले तेव्हाची नकाशाची तिकिटं ताऱ्यांच्या वॉटरमार्कवर आहेत. 1958 पासून तीच तिकिटं अशोकस्तंभाच्या वॉटरमार्कवर निघाली. चित्र तेच, कागद वेगळा. हे पुढून कितीही मोठं करून बघा, काही कळत नाही. काळ्या बशीत तिकीट पालथं घालायचं, वर लायटरच्या पेट्रोलचे दोन थेंब टाकायचे, की तारे नाहीतर सिंह उमटतात. (खिडकी उघडी, काडेपेटी लांब. काही फोटोग्रॅव्हुअरची शाई पेट्रोलने सुटते, म्हणून आधी फाटक्या तिकिटावर बघा.)

1971 च्या निर्वासित मदतीच्या तिकिटांवर मात्र यंत्राने मजा आणली. त्या 15 नोव्हेंबरपासून टपालावर पाच पैसे जादा लावावे लागत. त्यासाठी कुटुंब नियोजनाच्या पाच पैशांच्या तिकिटावर ओव्हरप्रिंट केलेलं होतं, म्हणजे तयार तिकिटावर वरून अक्षरं छापली होती. नाशिकच्या छपाईशिवाय ठिकठिकाणी स्थानिक ओव्हरप्रिंटही झाले, आणि लबाडी नेमकी तिथेच घुसते. खिळ्याने छापलेलं अक्षर साठपटीत ओळखू येतं: दाबाने शाई कडेला सरकते, त्यामुळे काठ दाट आणि पोट फिकं. पोस्टाचा शिक्का त्याच्यावरून गेलाय की खालून, हेही बऱ्याचदा दिसतं. शिक्का खाली आणि ओव्हरप्रिंट वर असेल, तर वापरून झालेल्या तिकिटावर मागाहून कुणीतरी कारागिरी केलीय. रबरी शिक्क्याने मारलेल्या ओव्हरप्रिंटवर मात्र हे यंत्रही हात टेकतं.

दिवे ही याची खरी दुखरी बाजू. लेन्सभोवती आठ दिवे गोल बसवलेत, त्यामुळे सावलीच पडत नाही आणि उठावाची छपाई सपाट दिसते. पंचम जॉर्जच्या उठावाच्या लखोट्यावर लावून बघितलं, राजाचं नाक गायब. सिंध प्रांताच्या जुन्या टपालाचं, म्हणजे सिंध डाकचं, पांढरं तिकीट कुणाकडे असेल (असेल तर आधी मला बोलवा) तर त्याला हे बिनकामाचं. 1852 चं ते अर्ध्या आण्याचं तिकीट पांढऱ्या कागदावर नुसत्या उठावाचं होतं. ते काढवणारे इंग्रज अधिकारी बार्टल फ्रिअर त्याआधी आपल्या साताऱ्यातच रेसिडेंट (कंपनी सरकारचे प्रतिनिधी) होते, पण आमच्याकडे असताना त्यांना हे सुचलं नाही. उपाय सोपा आहे: वायरवरच्या चाकाने यंत्राचे दिवे बंद करा आणि बाजूने टॉर्चचा तिरपा उजेड टाका.

स्टँड डुगडुगतो. फोटोचं बटण यंत्रावरच असल्याने ते दाबलं की चित्र हललंच. फोटो मोबाइलच्या पडद्यावरून घ्या. नवा गडी असाल तर आधी चांगलं दहापटीचं भिंग, गेज आणि काळी बशी घ्या. ओव्हरप्रिंटच्या नादाला लागलात की मग हे. सोबत फुकट येणारा चिमटा टोकदार आणि दातेरी आहे. तो तिकिटांजवळ फिरकू देऊ नका. मी तो मशीनच्या ग्रिपरमध्ये अडकलेले कागदाचे कपटे काढायला ठेवलाय.