एक कोटी आणि तीन प्रस्ताव: पीई फंड, प्रायव्हेट क्रेडिट की अनलिस्टेड शेअर?

माझ्या मावसभावानं गेल्या वर्षी सातपूर एमआयडीसीतलं आपलं मशीन शॉप विकलं. वय अठ्ठावन्न. कर भरून हातात सव्वातीन कोटी उरले. महिनाभरातच बँकेच्या रिलेशनशिप मॅनेजरपासून सोसायटीतल्या ओळखीच्यांपर्यंत सगळ्यांचे फोन सुरू झाले. दिवाळीत त्यानं माझ्यासमोर तीन फायली ठेवल्या: एक प्रायव्हेट इक्विटी (पीई) फंड, म्हणजे कंपन्यांत हिस्सा घेऊन पुढे तो विकणारा, एक प्रायव्हेट क्रेडिट फंड, म्हणजे कंपन्यांना कर्ज देणारा, आणि अनलिस्टेड, म्हणजे बाजारात नोंद नसलेल्या, शेअरची एक यादी. तिन्हींच्या पहिल्या पानावर परताव्याचा आकडा मोठ्या अक्षरांत होता. पैसे परत कधी आणि कसे मिळणार, ते मात्र तिन्हींत शोधावं लागलं.

म्हणून हा आढावा मी उलट्या बाजूनं लिहितो आहे. आधी पैसा परत येण्याची वाट, मग फी आणि कर, आणि परतावा सगळ्यात शेवटी. व्यवसाय विकून, जमिनीचा मोबदला मिळून किंवा ईसॉपचे, म्हणजे नोकरीत मिळालेल्या कंपनीच्या शेअरचे, पैसे हाती येऊन जे याच टप्प्यावर उभे आहेत, त्यांच्यासाठी हे लिखाण आहे.

पहिले दोन प्रस्ताव कायद्याच्या दृष्टीनं एकाच घरातले. बाजाराची नियामक सेबी हिच्या २०१२ च्या नियमांखाली नोंदलेले हे पर्यायी गुंतवणूक निधी, म्हणजे एआयएफ, आणि दोन्ही दुसऱ्या वर्गातले. किमान रक्कम एक कोटी. फंड बंद मुदतीचा असतो, मुदत किमान तीन वर्षांची. प्रत्यक्षात पीई फंड सात-आठ वर्षांचा असतो आणि मूल्यानुसार दोन तृतीयांश गुंतवणूकदारांनी होकार दिला तर आणखी दोन वर्षं लांबतो. तेव्हा सात वर्षांचा फंड दिसला की मनात नऊ धरावेत.

पीई फंड: एक कोटी एकदम जात नाहीत, आणि हिशेब तिथेच चुकतो

तुम्ही सही करता ती एक कोटीच्या वचनावर. पैसे मात्र फंड जसजसे मागेल तसतसे, तीन-चार वर्षांत हप्त्यांनी जातात. देशभरातल्या एआयएफना मिळालेली वचनं मार्च २०२५ मध्ये १३ लाख कोटींच्या वर होती, आणि प्रत्यक्ष गुंतवले गेले होते पाच लाख कोटींच्या थोडे वर. वचन आणि गुंतवणूक यांतलं हे अंतर तुमच्या खात्यातही पडतं. मागणी आली की ठरलेल्या दिवसांत पैसे भरावे लागतात, नाही तर करारातला दंड लागू होतो. त्यामुळे उरलेली रक्कम लिक्विड फंडात किंवा मुदत ठेवीत तयार ठेवावी लागते.

आता दुपटीचं गणित बघू. समजा दरवर्षी २५ लाख असे चार हप्ते गेले आणि सातव्या वर्षाअखेर फी वजा जाता दोन कोटी परत आले. दुप्पट ऐकायला भरघोस वाटतं, पण वार्षिक दर निघतो सव्वातेरा टक्क्यांच्या आसपास. हेच चार हप्ते त्याच तारखांना साध्या इंडेक्स फंडात गेले असते आणि १२ टक्के मिळाले असते, तर सातव्या वर्षी १ कोटी ८८ लाख झाले असते. बारा टक्क्यांची हमी कुणीच देत नाही हे खरं, पण पीई फंडाच्या दुपटीचीही कुणी देत नाही. फरक उरतो बारा लाखांचा, आणि त्यासाठी सात ते नऊ वर्षं हात बांधलेले. त्यामुळे मी तरी फी वजा जाता अडीच पटीच्या खाली बोलणाऱ्या पीई फंडाकडे वळणार नाही.

फीचं कलम दोनदा वाचावं. दोन टक्के वार्षिक फी, तिच्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २.३६ टक्के. ही फी पहिली काही वर्षं बहुधा वचनाच्या पूर्ण रकमेवर लागते, फंडानं उचललेल्या पैशांवर नव्हे. तुमचे २५ लाखच गेलेले असतात आणि फी एक कोटीवर चालू असते. त्याशिवाय ठरावीक परताव्याच्या वर जो नफा होईल त्यात मॅनेजरचा वाटा, साधारण २० टक्के. २०२३ पासून प्रत्येक एआयएफला वितरकाशिवायचा डायरेक्ट पर्याय द्यावा लागतो. भावाच्या फाइलमध्ये त्याचा उल्लेख अगदी शेवटच्या पानांत होता. मागितल्यावर मिळाला.

मग पीई फंडाकडे जावंच का? कारण भारतात गुंतवणूक विकून बाहेर पडण्याचं दार अलीकडे उघडं राहिलं आहे. जगात इतरत्र ते अडलं. अमेरिकेची मध्यवर्ती बँक फेड हिनं २०२२-२३ मध्ये व्याजदर जवळजवळ शून्यावरून सव्वापाच-साडेपाच टक्क्यांवर नेले, आणि २०२१ च्या तेजीत महाग घेतलेल्या कंपन्या जगभरच्या फंडांकडे पडून राहिल्या. गुंतवणूकदारांना पैसे परत मिळेनात. तेव्हा मॅनेजर जुन्या फंडातली कंपनी स्वतःच्याच नव्या फंडाला विकू लागले. त्यातून जुन्या गुंतवणूकदारांना पैसे मिळतात हे खरं, पण विकणारा आणि घेणारा एकच असताना भाव कोणी ठरवला हे विचारलंच पाहिजे. भारतात मात्र शेअर बाजारानं ही कोंडी बरीच फोडली. विशाल मेगा मार्टचा डिसेंबर २०२४ मधला ८,००० कोटींचा इश्यू (आयपीओ, म्हणजे बाजारातली पहिली शेअरविक्री) पूर्णपणे जुन्या मालकांच्या शेअरविक्रीचा होता आणि विकणाऱ्यांच्या मागे पीई फंड होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये हेक्झावेअर या आयटी कंपनीच्या ८,७५० कोटींच्या इश्यूत कार्लाइल या अमेरिकी पीई कंपनीनं हेच केलं. कंपनीच्या तिजोरीत त्यातला रुपयाही गेला नाही, सगळा पैसा आधीच्या गुंतवणूकदारांकडे गेला. फंडात पैसे असणाऱ्यासाठी ही चांगली बातमी. पण हे दार बाजार तेजीत असेपर्यंतच एवढं उघडं राहतं. तुमच्या फंडाची विकायची वेळ २०३२ मध्ये येईल, आणि तेव्हाचा बाजार आज कुणालाच दिसत नाही.

म्हणून मॅनेजरला एकच आकडा मागावा: जुन्या फंडात लोकांनी भरलेल्या प्रत्येक रुपयामागे आजवर किती रुपये रोख परत दिले? कागदावरचं मूल्य नको, वार्षिक दरही नको. दहा वर्षांपूर्वीच्या फंडानं रुपयामागे ऐंशी पैसेच परत दिले असतील, तर चकचकीत सादरीकरणाला अर्थ नाही.

प्रायव्हेट क्रेडिट: व्याज घसघशीत, पण कराच्या आधीचं

दुसरी फाइल कर्ज देणाऱ्या फंडाची. ज्या कंपन्यांना बँका देत नाहीत किंवा वेळेवर देत नाहीत, त्यांना हे फंड चढ्या व्याजानं कर्ज देतात. हा धंदा भारतात वाढला त्याला कारणं आहेत. २०१८ मध्ये पायाभूत प्रकल्पांना पैसा पुरवणारी आयएल अँड एफएस कोसळल्यावर बिगर बँक वित्त कंपन्यांनी हात आखडता घेतला. एप्रिल २०२० मध्ये फ्रँकलिन टेम्पलटननं सहा डेट योजना बंद केल्या आणि म्युच्युअल फंडही कमी पत असलेल्या कर्जरोख्यांपासून लांब झाले. जमीनखरेदी किंवा दुसरी कंपनी ताब्यात घेणं यांसाठी कर्ज देताना बँकांवर बंधनं होतीच. त्या रिकाम्या जागेत हे फंड शिरले. सगळ्यात ठळक उदाहरण मुंबईचंच. शापूरजी पालनजी समूहानं मे २०२५ मध्ये सुमारे २८,६०० कोटी रुपये पावणेवीस टक्क्यांच्या घरातल्या दरानं उभे केले. एवढं जुनं नाव इतका दर देतं तेव्हा कर्ज देणाऱ्याची बाजू किती भक्कम आहे ते कळतं, आणि घेणाऱ्याची निकडही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेनं कंपनी-खरेदीच्या कर्जासाठी बँकांना वाट मोकळी करण्याची घोषणा केली. चांगले कर्जदार बँकांकडे गेले तर फंडांकडे उरतील ते कोण, हा प्रश्न नवीन फंडाच्या मॅनेजरला आजच विचारावा. अमेरिकेत सप्टेंबर २०२५ मध्ये मोटारकर्ज देणारी ट्रायकलर आणि मोटारींचे सुटे भाग बनवणारी फर्स्ट ब्रँड्स पाठोपाठ दिवाळखोरीत गेल्यापासून तिथेही हाच धसका आहे.

पैसा परत येण्याच्या बाबतीत मात्र क्रेडिट फंड पीईपेक्षा सरस. मुदत चार-पाच वर्षं, व्याज बऱ्याचदा दर तिमाहीला, आणि मुद्दल कर्ज फिटेल तसं. त्यासाठी कंपनी शेअर बाजारात यावी लागत नाही. कर्ज बुडालं तर तारण विकायचं आणि दिवाळखोरी संहितेचा रस्ता धरायचा. कायद्यात ३३० दिवस लिहिलेत, प्रत्यक्षात त्याहून कितीतरी जास्त लागतात.

पण कर बघा. दोन्ही फंडांत उत्पन्न थेट तुमच्या माथी येतं आणि तुमच्या दरानं कर लागतो. पीई फंडानं दोन वर्षांहून जास्त ठेवलेले अनलिस्टेड शेअर विकले, तर नफ्यावर २३ जुलै २०२४ पासून साडेबारा टक्के, वर अधिभार-उपकर. क्रेडिट फंडाचं व्याज मात्र तुमच्या स्लॅबनं. तीस टक्क्यांच्या स्लॅबमध्ये उपकर धरून ३१.२ टक्के, आणि उत्पन्न ५० लाखांच्या वर असेल तर अधिभारानं आणखी. म्हणजे फी वजा जाता मिळालेल्या १५ टक्क्यांचे हातात उरतात १०.३. फाइलवर क्रेडिटचे १५ आणि पीईचे १८ शेजारी ठेवलेले असतात. कर भरल्यावर हे दोन आकडे एकमेकांपासून खूप लांब जातात. ज्याचं बाकी उत्पन्न थोडं आहे आणि नियमित पैसे हवेत, त्याला क्रेडिट सोयीचं. वरच्या स्लॅबमधल्या पगारदाराला मी ते सुचवणार नाही.

अनलिस्टेड शेअर: एक कोटी लागत नाहीत, हीच मोठी भुरळ

तिसऱ्या यादीत लाखभरातही प्रवेश. इथे मला सगळ्यात जास्त काळजी वाटते, कारण इथेच आपली मध्यमवर्गीय माणसं सगळ्यात जास्त सापडतात. टाटा टेक्नॉलॉजीजचं उदाहरण अजूनही आधी ऐकवलं जातं: नोव्हेंबर २०२३ मध्ये इश्यू ५०० रुपयांना, पहिल्या दिवशी भाव उघडला १,२०० ला. यादी विकणारे एचडीएफसी बँकेच्या एचडीबी फायनान्शियल या कर्ज कंपनीबद्दल आपणहून बोलत नाहीत. अनलिस्टेड बाजारात तो शेअर बाराशेच्या आसपास विकला जात होता. जून २०२५ मध्ये इश्यूचा भावपट्टा आला ७०० ते ७४०. नोंदणीच्या दिवशी ८३५ ला उघडला तेव्हा इश्यूत अर्ज करणारे खूश होते आणि आधी बाराशेला घेतलेले बघत बसले होते. डीमॅट शेअर सांभाळणाऱ्या एनएसडीएलचंही तसंच: इश्यू ८०० ला, अनलिस्टेड भाव त्याआधी हजाराच्या वर.

बघत बसण्याचं कारण नियमात आहे. इश्यूच्या आधीचे शेअर तुमच्या-माझ्यासारख्याकडे असतील तर इश्यूतल्या वाटपापासून सहा महिने विकता येत नाहीत. पहिल्या वा दुसऱ्या वर्गाच्या एआयएफला हे सहा महिने स्वतःच्या खरेदीपासून मोजण्याची मुभा आहे, म्हणजे जुन्या फंडाला पहिल्या दिवशी विकता येतं. एकाच कंपनीचा शेअर, पण फंडाच्या हातात वेगळा आणि आपल्या हातात वेगळा. भाव कुठून येतो? दलालाच्या व्हॉट्सॅपवरून. घेण्याचा आणि विकण्याचा भाव एकाच दिवशी विचारून बघा, फरक कळेल. डिसेंबर २०२४ मध्ये सेबीनं अशा अनधिकृत मंचांपासून सावध राहायला सांगितलं आहे. तिथे फसवणूक झाली तर दाद मागायची कुठे, हा प्रश्न उरतो.

घ्यायचेच असतील तर नफ्यातली, नियमित लाभांश देणारी कंपनी बघावी, वार्षिक अहवाल वाचावा आणि इश्यू कधी आलाच नाही तरी चालेल अशा भावाला घ्यावेत. एनएसई या शेअर बाजारानंच स्वतःच्या इश्यूचा मसुदा २०१६ मध्ये दाखल केला होता. त्यानंतर किती वर्षं नुसती वाट पाहण्यात गेली ते आठवावं. शेअर आधी स्वतःच्या डीमॅटमध्ये, मग पैसे, असा क्रम मिळाला तर उत्तम.

स्टार्टअपमधल्या एंजल फंडांचा विषय थोडक्यात संपतो. २०२५ च्या नव्या नियमांनुसार ते फक्त मान्यताप्राप्त गुंतवणूकदारांसाठी आहेत. त्यासाठी वर्षाला दोन कोटींचं उत्पन्न किंवा साडेसात कोटींची मत्ता, तीही निम्मी आर्थिक स्वरूपात, अशा अटी आहेत. भाऊ त्यात बसत नाही.

एक चौथी गोष्ट मी स्वतःहून फाइलीत घातली: आरईआयटी आणि इन्व्हिट, म्हणजे स्थावर मालमत्ता आणि पायाभूत प्रकल्प बाळगणारे ट्रस्ट. कार्यालयांचं भाडं, वीजवाहिन्यांचं उत्पन्न, महामार्गांचा टोल हीच मालमत्ता मोठे खासगी फंड घेतात, पण ही युनिटं शेअर बाजारात एकेक करून घेता-विकता येतात, आणि वाटण्याजोग्या रोखीतला किमान ९० टक्के वाटावाच लागतो. परतावा पीईच्या स्वप्नाएवढा नाही. पण सोमवारी विकलं की त्याच आठवड्यात पैसे खात्यात.

भावाची मुलगी २०२७ मध्ये जर्मनीला शिकायला जायचं म्हणते आहे. ते ऐकल्यावर पीईची फाइल त्यानं स्वतःच मिटवली. नऊ वर्षांनी तो सदुसष्ट वर्षांचा असेल आणि पैशांची गरज दोन वर्षांत आहे. दहा वर्षं लागणार नाहीत असे पाच-सहा कोटी बाजूला असते, तर मी त्याला तीच फाइल उघडी ठेवायला सांगितलं असतं. अनलिस्टेडची यादी परत गेली. तीस लाखांची आरईआयटी-इन्व्हिट युनिटं घेतली. क्रेडिट फंडाच्या मॅनेजरला त्यानं तीन गोष्टी लेखी मागितल्या आहेत: जुन्या फंडातल्या प्रत्येक कर्जाची यादी, त्यातली किती थकली, आणि थकलेल्यांतून किती वसूल झालं. तीन आठवडे झाले. एक आठवण करून देणारी मेल गेली आहे, आणि उत्तर येईपर्यंत पैसे मुदत ठेवीत आहेत.