फ्युएल पंपाला करंट येतोय का बघायला मल्टीमीटर बरा की २१ वॅटचा बल्ब?

चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालनं दोन सेकंद झूं असा पंपाचा आवाज येतो तो यायचा बंद झालाय, सेल्फ मस्त फिरतोय पण गाडी काय पकडत नाही, फ्यूज बघून झाला, हॉर्नचा त्याच नंबरचा रिले (करंट जोडणारा-तोडणारा छोटा स्विच) लावून झाला, आणि आता सीट उचलून पंपाचा कपलर, म्हणजे वायरींचा जोड, हातात घेऊन तुम्ही बसलाय. इथपर्यंत घरच्या घरी सगळेच येतात. पुढं मल्टीमीटर लावायचा की होल्डरला दोन वायरी जोडून केलेला बल्ब, एवढाच प्रश्न, आणि मी दोन्ही वापरलेत, एकात मार पण खाल्लाय, म्हणून लिहितो.

मीटर वाईट नाही हे आधीच सांगतो, नाहीतर लोक अंगावर येतील. बॅटरी किती उतरलीय, अल्टरनेटर चार्ज करतोय का, रिलेच्या ८५-८६ नंबरच्या पिनांमधली कॉइल तुटलीय का, हे बल्बला सांगता येत नाही आणि मीटर एका मिनिटात सांगतो. आकडा दिसला की माणसाला पण बरं वाटतं. मला त्या बरं वाटण्यानंच खड्ड्यात घातलं.

माझी गाडी जुनी पेट्रोल हॅचबॅक. २०१९ च्या महापुरात आमच्या गल्लीत पाणी आलं तेव्हा गाडीच्या कार्पेटपर्यंत चढलं होतं, सगळं वाळवून घेतलं आणि विसरून गेलो. त्यानंतर दोनेक वर्षांनी पावसाळ्यात गगनबावड्याकडनं येताना गाडी बंद पडली, अर्ध्या तासानं आपोआप चालू झाली, मग चार दिवसांनी घरासमोर कायमचीच झोपली. पंपाचा कपलर काढला, दोन पिनांना मीटर लावला, पोराला चावी फिरवायला सांगितली आणि आला की आकडा, १२.३ व्होल्ट! म्हणजे करंट येतोय, अर्थिंग पण आहे, मग पंपच गेला, असं सरळ गणित. गेलो आणि नवीन पंप घेऊन आलो, रविवार सगळा तो बसवण्यात घालवला, अंगाला पेट्रोलचा वास, बायको बोलायची बंद, चावी फिरवली तर परत शांतता. आणि दुकानदार इलेक्ट्रिकचा माल परत घेत नाही, तशी पाटीच लावलेली असते.

दुसऱ्या दिवशी उद्यमनगरातल्या एका वायरमन काकांना धरून आणलं. त्यांनी खिशातनं इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब काढला, त्याच दोन पिनांना लावला, मला चावी फिरवायला लावली. बल्बची तार नुसती लालसर झाली, उदबत्तीच्या टोकासारखी. मग निगेटिव्हची वायर कपलरमधनं काढून सीटच्या बिजागराच्या स्वच्छ बोल्टला लावली तर लख्ख पेटला. "आरं, आधी बल्ब लावून बघायचा की, पंप कशाला काढलास?" एवढंच म्हणाले. पॉझिटिव्ह ठणठणीत होता, अर्थिंगचा बोल्ट कार्पेटखाली गंजून पापडासारखा झाला होता. पॉलिश पेपरनं पत्रा घासला, वायरला नवीन रिंग टर्मिनल, खाली दातेरी वॉशर, वरनं पेट्रोलियम जेलीचा हात. अर्ध्या तासाचं काम.

मीटर खोटं बोलला का? तसं नाही म्हणता येत. डिजिटल मीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स, म्हणजे करंटला अडथळा, साधारण १० मेगाओहम असतो, म्हणजे तो वायरीतनं करंट जवळपास ओढतच नाही. वाटेत हजार ओहमचा गंज असला तरी त्याला पूर्ण १२ व्होल्ट दिसतात. पंपाचं तसं नाही, तो ४-५ अँपिअर मागतो, आणि गंज नुसत्या एका ओहमचा असला तरी तेवढा करंट खेचायला गेला की ३-४ व्होल्ट वाटेतच संपतात. आपल्याकडं तालमीत शड्डू सगळेच ठोकतात, मातीत उतरल्यावर कळतं. मीटर शड्डू ऐकून येतो, २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढून वायरीला मातीत उतरवतो. वायर तुटलेली नाही हे सांगणाऱ्या मीटरच्या बीपवर पण विसंबू नका, तो २०-३० ओहमला सुद्धा खुशाल वाजतो.

मीटरनं हेच काम नीट करता येतं हे पण मान्य. कपलर जोडलेलाच ठेवायचा, मागनं पिन टोचायची, पंपाला करंट चालू असताना बॅटरीच्या निगेटिव्हपासनं पंपाच्या अर्थपर्यंत किती व्होल्ट पडतात ते बघायचं, अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं की संशय घ्यायचा. पण इंजिन चालू होत नसेल तर ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, पंपाला दोनच सेकंद करंट देतो, आकडा स्थिर होईस्तोवर खेळ संपतो, आणि चावीला दुसरा माणूस लागतो तो वेगळाच. बल्ब मी मागच्या सीटवर ठेवतो आणि पुढनं चावी फिरवून आरशात बघतो, एकटा. वेळ हवा असेल तर रिलेच्या सॉकेटमध्ये ३० आणि ८७ नंबरची भोकं फ्यूज घातलेल्या वायरीनं जोडायचं, बल्ब पेटत राहतो, मग वायरिंग हलवत जायचं आणि कुठं लुकलुकतो ते बघायचं.

बल्बची खोड सांगायलाच पाहिजे. एअरबॅगच्या आणि ईसीएमच्या बारीक सिग्नल वायरींना तो चुकूनही लावू नका, तिथं मीटरच. नव्या काही गाड्यांत पंपाचा स्पीड कंट्रोल मॉड्यूल ठरवतो, तिथं बल्ब मंद दिसला म्हणजे गंजच असं नाही. पेनासारखा एलईडीवाला टेस्टर मिळतो तो घेऊ नका, तो पण चिमूटभर करंटवर पेटतो म्हणजे मीटरचाच भाऊ. आणि पेट्रोलची वाफ आहे राव, दारं उघडी, बल्ब चावी बंद असतानाच जोडायचा, टाकीवरचं झाकण उघडं असेल तर यातलं काहीच करायचं नाही.

ज्याला गाडीची हौस आहे आणि पुढं सेन्सर वगैरे बघायचेत त्यानं मीटर घ्यावाच, मी नको म्हणत नाही. पण नुसता पंप बोलेना म्हणून कोण विचारत असेल तर मी आपला आधी होल्डर आणि बल्ब घ्या म्हणतो, चहा-पोह्याच्या पैशात येतो. माझा मीटर आता घरातल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीजवळ असतो, बल्ब गाडीच्या डिकीत, आणि चांगला असलेला जुना पंप माळ्यावर, दिवाळीच्या साफसफाईला दर वर्षी खाली येतो आणि परत वर जातो.