गिट, तीन मशिनी आणि दोन कऱ्हाड : आठ महिन्यांनंतर

आम्ही तिघे मित्र तालुकावार पावसाच्या नोंदी जमवतो. मी उबुंटूवर, एक विंडोजवर, तिसऱ्याकडे एचएफएस प्लसवालं (मॅकची फाइली साठवण्याची जुनी पद्धत) जुनं मॅकबुक. फाइली मेलने पाठवून कंटाळलो म्हणून गिटवर, म्हणजे फाइलींतल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीवर, आलो. इतिहास जपण्यात गिटला तोड नाही, त्यावर जास्त बोलत नाही. तक्रार आहे ती तीच फाइल तीन सिस्टिमवर उघडण्याची.

पहिल्याच आठवड्यात विंडोजवाल्याने एका दिवसाचा आकडा दुरुस्त केला आणि डिफमध्ये (काय बदललं ते दाखवणारी यादी) ३६६ ओळी लाल-हिरव्या. “अरे, अख्खी फाइल बदललीस?” “नाही रे, एकच आकडा!” दोघंही खरं बोलत होतो. त्याच्या एडिटरने प्रत्येक ओळीच्या शेवटी लिनक्सच्या एलएफ या खुणेऐवजी विंडोजची सीआरएलएफ ही खूण टाकली होती. या खुणा आपोआप बदलणारं ऑटोसीआरएलएफ हे सेटिंग ज्याच्या त्याच्या मशिनवर असतं, त्यामुळे एक विसरला की सगळे भोगतात. शेवटी रिपॉझिटरीतच (गिटच्या सामायिक साठ्यातच) गिटअ‍ॅट्रिब्यूट्सची फाइल ठेवून ‘टेक्स्ट ऑटो, ईओएल एलएफ’ (सगळ्यांकडे ओळीचा शेवट एलएफच) लिहिलं आणि जुन्या फाइली त्यात बसवायला एकदा रिनॉर्मलाइझ मारलं. तेव्हापासून शांतता. तोटा एवढाच, की ब्लेममध्ये (कोणती ओळ कोणी बदलली ते दाखवणारी आज्ञा) त्या जुन्या ओळींवर माझंच नाव दिसतं.

फाइलींची नावं मराठीत ठेवायचा हट्ट माझा. गिट स्टेटसने आधी \३४०\२४४\२२५ असलं काहीतरी दाखवलं. तो आपला ‘क’, यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीतले तीन बाइट. कोटपाथ हे सेटिंग फॉल्स केल्यावर नावं नीट दिसली. वाई, पाटण, माण सगळे सरळ.

कऱ्हाडने मात्र दोन रात्री खाल्ल्या. फोल्डरमध्ये दोन कऱ्हाड! डोळ्यांना अक्षर न् अक्षर सारखे. हेक्समध्ये, म्हणजे नावांचे कच्चे बाइट, पाहिलं तेव्हा उलगडलं : एकात ‘ऱ’ हे एकच अक्षर, दुसऱ्यात ‘र’ आणि खाली वेगळा नुक्ता (टिंब). एचएफएस प्लस नावं अशी फोडूनच साठवतं. मॅकवरचं गिट ती परत जोडून घेतं, पण मॅकवाल्याने ती फाइल गिट टाळून एससीपीने (नेटवर्कवरून फाइल पाठवणारी आज्ञा) थेट माझ्या मशिनवर टाकली होती आणि मी ती तशीच कमिट केली (गिटमध्ये नोंदवली). लिनक्सच्या लेखी बाइट वेगळे म्हणजे फाइल वेगळी. मॅकवर पुल केल्यावर (नवे बदल उतरवून घेतल्यावर) दोन्ही एकाच फाइलवर आदळल्या. आता नियम : मॅकवरून जे यायचं ते गिटमधूनच. बाकी देवनागरीचा एक फायदा, कॅपिटल-स्मॉलची भानगडच नाही. इंग्रजी नावांच्या फाइलींवर तोही मार खाल्लाय.

विंडोजवरून आलेल्या स्क्रिप्ट माझ्याकडे ‘परमिशन डिनाइड’ म्हणतात. चालवण्याची परवानगी गिटच्या अपडेट-इंडेक्स आज्ञेने हाताने द्यावी लागते. एकदा दिली की टिकते.

२००५ साली लिनस टोरवाल्ड्सने हे लिनक्स कर्नलसाठी लिहिलं आणि ते वळण अजून जाणवतं. सोडणार नाही, पण नवख्यांना सांगेन : पहिल्या कमिटआधी गिटअ‍ॅट्रिब्यूट्स लिहा. आम्ही तिसऱ्या महिन्यात लिहिली.

आणि दर वेळी चूक विंडोजवाल्याची नसते. परवा मी पूरक तक्त्यांसाठी ‘ऑक्स’ नावाचा फोल्डर केला, इंग्रजी स्पेलिंगने. त्याच्याकडे पुल होईना, ‘इनव्हॅलिड पाथ’. डॉसच्या काळापासून ते नाव विंडोजने स्वतःसाठी राखून ठेवलंय. फोल्डरचं नाव आता ‘पूरक’ आहे.