मोठा आराखडा अनेक शीटवर : ऑटोकॅड की रेव्हिट?

मजल्याचा आराखडा एका शीटवर मावेनासा झाला की कार्यालयात चर्चा सुरू होते ती कागदाच्या आकारावर. माझ्या मते आधी ठरवायला हवे ते वेगळेच: आराखड्याचे तुकडे पाडल्यावर त्या तुकड्यांच्या सीमा माणसाने सांभाळायच्या की सॉफ्टवेअरने? पुण्यातल्या माझ्या कामात मी दोन्ही मार्ग वापरले आहेत: रेषांनी नकाशे काढायचे ऑटोकॅड आणि इमारतीचे मॉडेल बनवून त्यातून नकाशे काढणारे रेव्हिट. ज्यांना या दोहोंतून निवड करायची आहे त्यांना प्राथमिक ज्ञान आहे असे धरून, मला जे अनुभवास आले तेवढेच येथे मांडतो.

उदाहरण हिंजवडीच्या पलीकडे उभ्या राहिलेल्या एका शैक्षणिक इमारतीचे घेतो. लांबी १०८ मीटर, रुंदी २१ मीटर, मजले सहा. काँक्रीट बांधकामाच्या आयएस ४५६ : २००० या भारतीय मानकानुसार ४५ मीटरपेक्षा लांब बांधकामात सर्वसाधारणपणे एक्स्पान्शन जॉइंट (प्रसरणासाठी ठेवलेली फट) योजावे लागतात. त्यामुळे इमारतीचे ३६ मीटरचे तीन भाग आपोआपच पडले होते आणि शीटची विभागणीही त्याच जॉइंटवर करणे सोयीचे होते. १:५० या प्रमाणात ३६ मीटर म्हणजे कागदावर ७२० मिलिमीटर. टायटल ब्लॉक (नकाशाचे नाव-क्रमांक असलेली चौकट) खालच्या बाजूस घेतल्यास ए१ शीटच्या ८४१ मिलिमीटर लांबीत तेवढे बसते आणि दोन्ही बाजूंना अर्ध्या मीटरचा समाईक पट्टाही दाखवता येतो. विटकाम, फरशी आणि फॉल्स सीलिंग असे तीन संच धरले, तर सहा मजल्यांच्या ५४ शीट होतात. ३६ इंची रोलवर सव्वादोन मीटर लांबीचा एकच प्लॉट काढण्याचा पर्याय आम्ही आधी करून पाहिला होता, परंतु साइटवर वाऱ्यात तो उलगडून धरायला दोन माणसे लागतात आणि आठवड्याभरात घड्यांवर फाटतो, म्हणून तो लवकरच सोडून दिला.

हे काम प्रथम ऑटोकॅडमध्ये झाले. मॉडेल स्पेसमध्ये (मूळ आराखड्याच्या जागेत) मजला एकदाच काढायचा आणि प्रत्येक लेआउटमध्ये, म्हणजे शीटच्या मांडणीत, व्ह्यूपोर्ट ही खिडकीसारखी चौकट लावून त्याचा हवा तो भाग दाखवायचा, ही पद्धत सर्वांच्या हाताखालून गेलेली आहे. तिचे गुण मला आजही मान्य आहेत. पुण्यातल्या बहुतेक आरसीसी सल्लागारांकडून नकाशे डीडब्ल्यूजी या ऑटोकॅडच्या फाइलप्रकारातच येतात, ते एक्सरेफ (बाहेरून जोडलेली फाइल) म्हणून सरळ जोडता येतात. त्याच आराखड्यावरून संपूर्ण इमारतीची १:२०० ची शीटही निघते, आणि अक्षरे अ‍ॅनोटेटिव्ह (प्रमाणानुसार आकार बदलणारी) ठेवलेली असली तर ती दोन्ही प्रमाणांत नीट वाचता येतात. तिरक्या बसलेल्या विंगसाठी व्ह्यूपोर्टपुरते दृश्य फिरवून घेणेही अवघड नाही. मधल्या शीटवर लांबीच्या दिशेने जाणाऱ्या ग्रिडरेषांचे (खांबांच्या रांगांच्या संदर्भरेषांचे) बबल, म्हणजे क्रमांकाची वर्तुळे, दिसत नाहीत, कारण ते इमारतीच्या दोन टोकांना असतात. ते पेपर स्पेसमध्ये, म्हणजे शीटवरच, हाताने काढावे लागतात. पण एवढ्यासाठी कोणी पद्धत बदलू नये.

माझी पद्धत बदलली ती एका सरकलेल्या रेषेमुळे. जीएफसी (बांधकामासाठी मंजूर) नकाशे निघण्याच्या सुमारास पहिला एक्स्पान्शन जॉइंट २.४ मीटरने पुढे गेला. निर्णय रास्त होता आणि त्याविषयी माझी तक्रार नाही. मात्र त्या जॉइंटला भिडणाऱ्या शीट ५४ पैकी ३६ होत्या. प्रत्येक शीटवरची मॅचलाइन (दोन शीट जिथे जुळतात ती रेषा) हलवायची, पहिल्या भागाची चौकट १:५० च्या हिशेबाने ४८ मिलिमीटरने वाढवायची, मधल्या भागाची तेवढीच कमी करायची, व्ह्यूपोर्टचे कुलूप काढून पुन्हा लावायचे आणि या खटपटीत प्रमाण बिघडले नाही ना हे पाहायचे, असे ते काम होते. आम्ही ते दोन दिवसांत केले आणि एक शीट राहून गेली. तिसऱ्या मजल्याच्या विटकामात मधल्या भागाची चौकट आत घेतली गेली, पण पहिल्या भागाची जुन्याच जागी राहिली. दोन्ही बाजूंचा समाईक पट्टा वजा जाता १.४ मीटर रुंदीची पट्टी कोणत्याच शीटवर उरली नाही. नेमकी तीतच प्लंबिंग शाफ्टची एक भिंत होती. सुपरवायझरचा फोन आला तो मापांची बेरीज जुळत नाही म्हणून, आणि तोपर्यंत शेजारची भिंत कमरेएवढी चढली होती. ती उतरवावी लागली.

अशा चुकीचे वैशिष्ट्य असे की शीट तपासताना ती दिसत नाही. दोन्ही शीट आपापल्या जागी बरोबर आणि स्वच्छ असतात. जे नाही ते पाहण्यासाठी दोन्ही कागद शेजारी ठेवून सीमेवरची ग्रिड ताडून पाहावी लागते, आणि ३६ शीटच्या बाबतीत ते मनापासून करणारा माणूस प्रत्येक कार्यालयात असतोच असे नाही. सर्व मॅचलाइन एकाच फाइलमध्ये ठेवून ती सगळीकडे एक्सरेफ केली तर रेषा तरी एकत्र हलतात, हे मी नंतर केले आणि ऑटोकॅडमध्ये राहणाऱ्यांना तेच सुचवीन. व्ह्यूपोर्टच्या चौकटी मात्र तरीही एकेक करूनच हलवाव्या लागतात.

पुढची मोठी इमारत रेव्हिटमध्ये घेतली. तिथे प्लॅनचे एक दृश्य एकाच शीटवर ठेवता येते, म्हणून मूळ दृश्याची डिपेन्डन्ट, म्हणजे त्याला बांधलेली, उपदृश्ये करावी लागतात. साधी डुप्लिकेट प्रत घेऊ नये, कारण मग प्रत्येक प्रतीतली मापे आणि टॅग (घटकांना लावलेल्या नाव-चिठ्ठ्या) स्वतंत्र होतात. इमारतीच्या प्रत्येक भागासाठी एक स्कोप बॉक्स (दृश्यांची चौकट ठरवणारा खोका) काढला आणि सर्व मजल्यांच्या उपदृश्यांना तो नेमून दिला. याही कामात सीमा एकदा सरकली. मी दोन स्कोप बॉक्सच्या कडा ओढल्या आणि सर्व मजल्यांवरच्या, सर्व संचांतल्या चौकटी त्यांच्या मागोमाग गेल्या. मॅचलाइन स्वतंत्रपणे हलवावी लागली आणि शीटवर दृश्ये जागेवर आहेत की नाहीत हे गाइड ग्रिडवर (शीटवरच्या मार्गदर्शक जाळीवर) तपासावे लागले, परंतु ते अर्ध्या दिवसाचे काम होते आणि कुठे फट राहिली असेल ही धास्ती मनात नव्हती. ‘पुढील भाग अमुक शीटवर’ हा उल्लेख व्ह्यू रेफरन्सने (दुसऱ्या दृश्याकडे निर्देश करणाऱ्या खुणेने) दिला असल्यामुळे शीटचे क्रमांक बदलले तरी तो आपोआप बदलला. ऑटोकॅडमध्येही २००५ च्या आवृत्तीपासून शीट सेटमधली फील्ड (आपोआप बदलणारा मजकूर) हेच काम करतात. मी पाहिलेल्या कार्यालयांत मात्र तो क्रमांक अजूनही हातानेच टाकला जातो.

रेव्हिटचे दोष सांगितले नाहीत तर हा आढावा एकांगी होईल. डिपेन्डन्ट दृश्याचे प्रमाण मूळ दृश्यापेक्षा वेगळे ठेवता येत नाही, त्यामुळे १:२०० च्या संपूर्ण आराखड्यासाठी वेगळे दृश्य करून त्यात टॅग पुन्हा लावावे लागतात. याहून अधिक त्रास अ‍ॅनोटेशन क्रॉपचा (मापे-टॅग जिथवर दिसतात त्या चौकटीचा) होतो. त्याच्या कडेला टॅग किंवा मापाची साखळी जरा जरी लागली तरी ती अर्धवट न दिसता अख्खी नाहीशी होते. इमारतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग माप टाकण्याची सवय आम्हाला मोडावी लागली; आता साखळी मॅचलाइनजवळच्या ग्रिडवर थांबवतो आणि पुढे नव्याने सुरू करतो. नवख्या मुलांना याचा सराव व्हायला महिना-दीड महिना लागला.

म्हणून इमारतीचे दोनच तुकडे पडत असतील, मजले थोडे असतील आणि सोबतचे सर्व सल्लागार डीडब्ल्यूजीवर असतील, तर केवळ शीटच्या विभागणीसाठी रेव्हिट घ्यावे असे मी म्हणणार नाही. तीन किंवा अधिक तुकडे, अनेक मजले आणि काम चालू असताना सीमा सरकण्याची शक्यता, अशी परिस्थिती असेल तर माझा कल स्पष्टपणे रेव्हिटकडे आहे. त्यातही स्कोप बॉक्स पहिली शीट तयार करण्यापूर्वीच काढावेत, त्यांना इमारतीच्या भागांचीच नावे द्यावीत, आणि त्यांची उंची तळघरापासून गच्चीपर्यंत ठेवावी; कारण ज्या मजल्याच्या छेदपातळीपर्यंत स्कोप बॉक्स पोहोचत नाही, त्या मजल्याच्या आराखड्यात तो दिसतच नाही.